ओळ सुचवा

(वर्तमानपत्राच्या कचेरीतली वेबसाइटची खोली. भर दुपार.)

फोटोवाला : आधी तो फोटो काढून टाक. बाकीचं मागनं बोल.

वेबवाली : काका, बसा तरी. आणि हे काय, अर्धीच दाढी?

फोटोवाला : सलूनमधून तसाच उठून आलोय. तोंडाला साबण, आणि शेजारच्या खुर्चीतला बाप्या मोबाइल बघून खुर्चीसकट हलतोय हसून. म्हटलं, आम्हालाही दाखवा की गंमत. बघतो तर माझाच फोटो! वर आपल्या पेपरचं नाव, खाली ही सगळी घाण. तू चालवतेस ना हे?

वेबवाली : मीच चालवते. घाण काय त्यात? ‘ओळ सुचवा’ खेळ आहे तो. रोज एक फोटो टाकायचा, वाचकांनी ओळ लिहायची, इतरांनी आवडली म्हणून दाबायचं. सगळ्यात जास्त ज्याला, त्याला आपला चहाचा कप. पूर्वी लोक आपल्या पानावर अर्धा मिनिट थांबायचे, आता सहा-सहा मिनिटं थांबतात. तुमच्या फोटोवर तर तेवीसशे ओळी आल्यात काका! आजवरचा विक्रम.

फोटोवाला : विक्रम? वाच. मोठ्यानं वाच की एखादी.

वेबवाली : कशाला...

फोटोवाला : मी वाचतो. चष्मा आहे माझ्याकडे. ‘राजा सिंहासनावर, प्रजा पळाली वासानं.’ ही पहिल्या नंबरावर. ‘पोट साफ, घर साफ.’ शी! हे लिहिणारी माणसं दोन वेळ जेवतात, पोराबाळांच्या डोक्यावरून हात फिरवतात, आणि त्याच हातानं हे लिहितात. आणि तू त्याला कप देणार. चहा जाईल का गं त्याच्या घशाखाली?

वेबवाली : काका, फोटोच तसा आहे. ढिगाऱ्यात निळ्या फरशीवर कमोड, त्यावर शर्टपँट घालून, मांडीवर डबा, हनुवटीला हात लावून बसलेला माणूस. मला वाटलं, नाटकाबिटकातला असेल.

फोटोवाला : नाटक! रस्ता रुंद करायला आठ घरं पाडली परवा सकाळी. त्यातलं एक ह्याचं. फरशी बसवणारा मिस्त्री आहे तो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात गुडघ्यावर बसून फरश्या ठोकल्या, आणि मग रविवारी-रविवारी थोडं थोडं करून हे दोन खोल्यांचं घर उभं केलं. बायकोचे गुडघे गेले, तिला खाली बसता येईना, म्हणून तो कमोड स्वतःच्या हातानं बसवला. असा पक्का बसवला की मशीननं भिंती पाडल्या पण तो हलला नाही. सकाळपासून उभा होता गडी. बसायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून तिथं टेकला. आणि मी खटकन फोटो घेतला.

वेबवाली : मग हे लिहायचं ना खाली! तुम्ही माहितीची चौकट रिकामी सोडलीत. आपल्याकडे रिकामा फोटो आला की तो खेळाच्या गठ्ठ्यात जातो. सगळ्यांना सांगितलं होतं.

फोटोवाला : त्यानंच हात जोडले. म्हणाला, फोटो घ्या, पण नाव लिहू नका, गल्ली लिहू नका. बायको दवाखान्यात आहे, मोठं ऑपरेशन झालंय. घर गेलं हे तिला ठाऊक नाही. टाके निघेपर्यंत कळू द्यायचं नाही. मी शब्द दिला. म्हणून कोरी सोडली.

वेबवाली : मी तरी तुम्हाला विचारलं होतं. हा बघा मेसेज. ‘काका, हा फोटो ओळ सुचवामध्ये घेऊ का?’ आणि हा तुमचा अंगठा.

फोटोवाला : ...मी सगळ्यांनाच अंगठा पाठवतो गं.

वेबवाली : माहितीये. माझे आजोबा गेले तेव्हाही पाठवला होतात.

फोटोवाला : बारीक अक्षर दिसत नाही, आणि उत्तर दिलं नाही की तुम्ही पोरं फोन करकरून जीव खाता. म्हणून दाबतो अंगठा आणि मोकळा होतो. म्हणजे ह्या शेणात माझाही हात कोपरापर्यंत आहे म्हण की.

वेबवाली : तसं नाही म्हणत मी.

फोटोवाला : म्हण. खरंय ते. आणि आणखी एक सांगू? फोटो घेताना मला आतून बरं वाटलं होतं. वाटलं, काय फोटो सापडलाय! माणसाचं घर पडलेलं, आणि मी उजेड बघतोय. त्या सलूनमधल्यापेक्षा मी काय वेगळा? आणि हे शेजारी काय चमकतंय?

वेबवाली : जाहिरात आहे.

फोटोवाला : कसली?

वेबवाली : ...बाथरूमच्या फरश्यांची. ते मशीन लावतं काका, आपोआप. फोटोत जे दिसतं त्याची जाहिरात.

फोटोवाला : ‘स्वप्नातलं घर, आजच सजवा.’ अगं, थुंकायला जागा द्या रे कोणी! काढ. मिस्त्रीण त्या वॉर्डात पडलीये. वीस खाटा, वीस मोबाइल. कोणीतरी दाखवील हसत हसत. तिला फोटो दिसायच्या आत काढ.

वेबवाली : साहेबांना विचारावं लागेल. संध्याकाळपर्यंत ठेवायचा असं ठरलंय. गेल्या महिन्यात ह्या खोलीतल्या दोघांना घरी पाठवलं. मी टिकले ती ह्या खेळामुळे.

फोटोवाला : बरं. मग विचार. मी इथं बसतो अर्ध्या दाढीनं. साहेब आले की त्यांनाही एकच ओळ सुचवतो, तोंडावर: फोटो काढा.

वेबवाली : थांबा. नाही विचारत. काढते. आधी नव्या ओळी बंद करते, मग... अरे देवा.

फोटोवाला : काय झालं? मशीन अडलं का?

वेबवाली : आत्ताच आलीये एक. दहा मिनिटांपूर्वी. कोणीतरी बोलून लिहून घेतल्यासारखी आहे.

फोटोवाला : नको वाचूस. पोट भरलंय माझं.

वेबवाली : ही ऐका. ‘अहो, निळी फरशी बघून ओळखलं मी. मांडीवर डबा आहे तो परवा मला आणून दिलात, तोच ना? सगळा मला भरवलात. म्हणालात, मी घरून जेवून आलोय. खरं सांगा, काही खाल्लंत का? उन्हात बसू नका.’

फोटोवाला : सरक. मला बघू दे.

वेबवाली : शून्य जणांना आवडलीये. आणि खाली एकानं हसरं तोंड टाकलंय.

फोटोवाला : किती वेळ झाला म्हणालीस?

वेबवाली : दहा मिनिटं झाली. उशीर झाला काका. तुम्ही आल्या आल्या मी काढला असता तर...

फोटोवाला : आपण दोघं भांडत बसलो तेवढ्यात झालं. ती ओळ कागदावर उतरवून दे. जशीच्या तशी. मग दाब काय दाबायचं ते.

वेबवाली : दाबलं. गेला. सगळंच गेलं.

फोटोवाला : आता हा माझा फोन घे, मिस्त्रीचा नंबर लावून दे. तो हिरवा, वरून तिसरा... हॅलो, मिस्त्री? मी पेपरचा फोटोवाला. हो, फोटोचंच होतं, चूक माझी होती, तुमच्या दारात येऊन सांगतो... म्हणजे, तुम्ही असाल तिथं येऊन सांगतो. ते राहू द्या. आधी मला सांगा, परवापासून काही खाल्लंत का? ...नाही हो, मी नाही विचारत. दवाखान्यातून विचारलंय.