भाऊजींचा स्विमिंग पूल

आमच्या मालेगावच्या भाऊजींची अक्कल सांगतो, ऐका. परसात प्लास्टिकचा मोठा स्विमिंग पूल उभा केला अन् साऱ्या नातेवाईकांले फोटो धाडले. मी इचारलं, "पाणी साफ कसं करता?"

"तुरटी फिरवतो! प्याचं पाणी साफ होते, मंग हे काहून नाही होणार?"

पंधरा दिवसांत पाणी हिरवं पडलं. घरचं कोणी पाय घालेना, तरी हा माणूस तुरटीच फिरवून राह्यला!

मंग डासांच्या अळ्या तपासाले आशाताई आली. डोकावून म्हणे, "भाऊ, म्हशीचं टाकं दर आठवड्याले कोरडं करत जा."

भाऊजी भडकले, "बाई, हा स्विमिंग पूल हाये!"

"अस्सं? मंग अळ्या खाणारे गप्पी मासे आणून सोडते. निदान थे तरी पोहतील."