राडिमची तक्रार

चेक देशातल्या ब्रनो शहरात ट्रामच्या थांब्यावर माझ्यापुढे एक सासूबाई आणि त्यांचा जावई राडिम उभे होते.

"रविवारी डोंगरातल्या घरून टोरोंटोतला नातू कॉम्प्युटरवर दिसेल ना?"

"सांगता येत नाही, आई. तिथे फोनचं इंटरनेट ब्लूटूथने घ्यावं लागतं. ते आणणारा प्रोग्राम सुरू झाला की कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सचे सुरक्षा-नियम त्याला अडवतात."

"चोर आहे का तो?"

"नाही, घरचाच. पण त्याला आत सोडा, असा नियम कुणी लिहिलेला नाही."

"मग थोडा वेळ पहारा उठवा."

"अहो, तसं करू नका म्हणून मी जगाला सांगत फिरतो."

"तर मग तक्रार करा."

"केलीये. उत्तर आलं, आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर काही अडत नाही, आणखी माहिती द्या."

"कोण हा शहाणा?"

"मीच. ते नियम मीच बघतो."

"म्हणजे तुम्हीच तक्रार केलीत, आणि तुम्हालाच पटलं नाही?"

"पुरावा कमी पडला, आई."

ट्राम आली.

"जावईबापू, नातू दिसला नाही, तर रविवारी प्लम भरून उकडलेले क्नेडलीक मिळणार नाहीत."

"कुणाला? तक्रार करणाऱ्याला की उत्तर देणाऱ्याला?"

"दोघांनाही."