बाजूने दिसणारा टीव्ही

२०२४ सालचा ऑक्टोबर, भातकापणी चालू होती. आमचा टीव्ही जुना होता, पण चालत होता. बंद पडला तो शेजारच्या भिवाचा, आणि शनिवारी त्याचा नातू टीव्हीवर कबड्डी खेळणार होता.

हद्दीच्या दगडी गडग्यावरून भांडण झाल्यापासून भिवा आमच्या घरात पाय ठेवत नाही. त्याच्या घरापुढच्या खळ्यातून आमची ओटी दिसते, पण तिरकी. भांडणाआधी एकदा मी बोटीवर असताना माझ्या बायकोला फुरसं चावलं होतं. भिवाने तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, म्हणून ती आहे.

सुनेला घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने एलईडी लावला. मी कडेला जाऊन उभा राहिलो. चित्र फिकट पडलं.

"काका, समोर बसा. टीव्ही समोरून बघतात."

"बाजूने चांगला दिसेल तो दाखव."

"मग ओएलईडी घ्या. पण महाग आहे."

सून म्हणाली, "बाबा, आपण तर समोरच बसतो."

"तू गप गो."

शनिवारी संध्याकाळी ओटीवरचा नवा ओएलईडी दाराकडे वळवला, आवाज वाढवला. भिवा खळ्यात पाठ करून बसला होता. नातू चढाईला गेला तरी मान वळेना. मग तिघांनी पोराला धरलं, आणि भिवा धावत गडग्याला येऊन भिडला.

"रेषेला हात लाव, मेल्या!"

पोराने लावला.

भिवाने माझ्याकडे बघितलं. "दिसलं," म्हणाला.

माझं देणं फिटलं.