कोबॉलमधलं माहं गनित

त्या साहेबाचं नाव काढू नका माह्यापुढं, आजबी डोकं फिरते. आनीबानी उठली तवाची गोष्ट. मी मुंबईले एका हापिसात कॉम्प्युटरवर होतो. साहेबाचा प्रोग्राम कोबॉल भाषेतला, गावोगावच्या पावसाचा तक्ता छापे. पन अंदाजाचं अवघड गनित कोबॉलमधी जमे ना. साहेब म्हने, "तेवढं तू फोरट्रान भाषेत लिही." लिहिलं. मंग त्याचा प्रोग्राम हरेक गावापाशी थांबे, माह्या प्रोग्रामले बोलावे अन् उत्तर घेऊन पुढं जाये. दोन भाषांचं जमवाले मले दोन महिने लागले, अन् तक्त्यावर नाव एकट्या साहेबाचं.

म्हनलं, "सर, माहं नाव?"

"प्रोग्राम कोबॉलचा आहे. तुझा भाग नुसता मधून बोलावला जातो."

रागारागात सुट्टी टाकून माह्या गावी, केनवडले आलो, बाबाले सारं सांगतलं. बाबानं इचारलं, "अन् काम झालं की तुले बाहीर काढते?"

"हो."

"पाटलाच्या लग्नात लाकडं फोडाले आमाले असंच बोलावत. दीक्षा घेतली अन् मी ते सोडलं. तू मुंबईत जाऊन तेच करून राह्यला?"

परत गेलो अन् माह्या भागात एकच ओळ वाढवली. पुढचा तक्ता छापून निंगाला, तं कारंजा, रिठद, केनवड, हरेक गावाखाली माहं नाव.

साहेब तापला. "हे काय आहे?"

म्हनलं, "सर, तुमी जितक्या बारी बोलावलं, तितक्या बारी नाव सांगून आत आलो."