पाठीतल्या पाण्यातली साखर

...आणि म्हणे, "मुंगी चावल्यासारखं वाटेल"! अहो, कुठल्या मुंगीची सोंड एवढी लांब असते? तुम्हाला सांगतो, माणसानं आजारी पडावं, पण पाठीतलं पाणी काढावं लागेल इतकं पडू नये. चार दिवस ताप, डोकं असं ठणकतंय की उशीसुद्धा बोचतेय, मान तर वाकायलाच तयार नाही... आणि तो तरुण डॉक्टर म्हणतो, "मेंदूच्या आवरणाला सूज दिसतेय, मणक्यातलं पाणी तपासू." म्हटलं, सूज वर आणि भोक खाली? तर म्हणे पाणी तेच, वरून खाली फिरत असतं. असेल बाबा! मग कुशीवर झोपवलं, गुडघे छातीशी, हनुवटी गुडघ्यांशी... मी घड्याळं दुरुस्त करतो हो, मीही उघडूनच बघतो, पण गिऱ्हाइकाच्या घड्याळाचं असं मुटकुळं नाही करत कधी!

बरं, निघालं पाणी. इवल्याशा तीन नळ्यांत. तर मेहुणा लगेच वाकून बघतो, "दाजी, एकदम स्वच्छ आहे, काही झालेलं नाही तुम्हाला!" हा टाइल्स विकतो! बायको म्हणते, "मला जरा गढूळच वाटतंय." पाठ माझी, पाणी माझं, आणि मत सगळ्यांचं!

दोन तासांनी रिपोर्ट आला. तरुण डॉक्टर खूश. "पेशी थोड्या वाढल्यात, पण साखर चौसष्ट, नॉर्मल! विषाणूचं दुखणं दिसतंय, आपोआप बरं होईल, उद्या घरी." मेहुणा लगेच, "मी काय म्हणत होतो?" तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. चष्मा नाकावर, आवाज एकदम हळू... हळू बोलणाऱ्या डॉक्टरची मला फार भीती वाटते हो. "चौसष्ट खरी, पण कशाच्या मानानं? त्याच वेळची रक्तातली साखर कुठे आहे?"

तरुण डॉक्टर बुटांकडे बघायला लागला. घ्यायची विसरला होता!

मग बाईंनी समजावलं. रक्तात जेवढी साखर, तिच्या साठेक टक्के या पाण्यात हवी. रक्तात शंभर असेल तर चौसष्ट झकास. पण रक्तात अडीचशे असेल तर पाण्यातली साखर कुणीतरी गट्टम केली म्हणायची, आणि ते कुणीतरी म्हणजे जंतू, विषाणू साखरेला हात लावत नाही! मग मला घरी पाठवणं म्हणजे थेट वर पाठवणं. "सुई टोचायच्या आधी यांनी काही खाल्लं होतं?"

विचारलं मला. उत्तर कुणी दिलं? बायकोनं! "छे हो! डायबेटीस आहे ना यांना. चार वर्षं गोडाचा कण नाही. माझी नजर असते!" मेहुणा म्हणतो, "ताईची नजर म्हणजे नजर!" पाठ माझी, पाणी माझं, आणि मत सगळ्यांचं!

आणि मी? अहो, ही फॉर्म भरायला गेली तेव्हा मी क्रीमची बिस्किटं खाल्ली होती. अख्खा पुडा. वर गोड सरबताची बाटली. डोकं ठणकत होतं, जीभ थोडीच आजारी होती! आता बोललो तर ही जिवंत सोडत नाही, न बोललो तर जंतू सोडत नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर! खोटं कशाला सांगू, घाबरलो. मरायला घाबरलो.

"खाल्लं," म्हटलं.

"काय?"

"बिस्किटं."

"किती?"

"...पुडा."

मेहुणा "दाजी!" असा ओरडला, जसं काही मी त्याच्या टाइल्सच खाल्ल्या. बायको एक शब्द नाही. आणि तुम्हाला सांगतो, तिची शांतता बघून मी जो सुटलो! दुकानातल्या खणात घड्याळाच्या पट्ट्यांखाली लपवलेल्या लिमलेटच्या गोळ्या, फिरायला जातो म्हणून बेकरीत जाणं, तपासणीच्या आधी दोनच दिवस धरलेलं पथ्य... तापात माणूस बरळतो म्हणतात ना? मी खरं बरळलो हो!

माझं संपलं, आणि नर्स एक कागद घेऊन आली. बाईंनी वाचला. "पाण्यातलं लॅक्टेट वाढलंय, म्हणजे जंतूंनी साखर खाल्ली की उरतं ते आम्ल. जंतूच आहेत, इंजेक्शनं लगेच सुरू करा." आणि माझ्याकडे वळून कसं गोड म्हणतात, "या तपासणीला रक्तातल्या साखरेशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही सांगितलं नसतंत तरी कळलंच असतं!"

कळलंच असतं! अहो, मग पाच मिनिटं आधी नाही का आणायचा तो कागद?

दहा दिवस इंजेक्शनं झाली. ही दहाही दिवस उशाशी बसून, कपाळावर हात ठेवून... पण तोंडातून अक्षर नाही. घरी सोडायच्या दिवशी पहिल्यांदा बोलली, तेही डॉक्टरीणबाईंशी. "मॅडम, एक विचारू? यांचं हे पाणी दर महिन्याला काढून मिळेल का?"

बाई "नाही" म्हणाल्या. पण जरा विचार करून म्हणाल्या हो!