आडवं पडणार कोण?

…आणि वर मलाच विचारतात, "बाई, तुमी रुसलात काय?" मी? रुसेन? तुम्हाला सांगते, उभी हयात रोह्याच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेली, तेव्हा कधी रुसायला सवड मिळाली नाही, ती आता निवृत्तीनंतर मिळावी, आणि तीही एका कुस्तीपायी? शिवाय कुस्ती तरी कसली, तर ठरवून खेळलेली! कोण कोणाला उचलणार, कोण कोणावर पडणार, शेवटी हात कोणाचा वर होणार, सगळं आधीच ठरलेलं. मग त्यात रुसण्यासारखं उरतं काय, तुम्हीच सांगा. नाही, सांगू नका, आधी माझं वाक्य पूर्ण होऊ द्या. तुम्ही पेणची माणसं, माझं माहेर इथलंच, म्हणून हे इथे येऊन बोलते आहे. रोह्यात बोलायची सोय राहिलेली नाही.

मला या कुस्तीचा नाद लावला विमलबाईंनी. विमलबाई म्हणजे माझ्या शेजारीण, दिनेशची आई. त्यांचा टीव्ही बंद पडला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याकडे येऊ लागल्या, "बाई, जरा कुस्ती लावा" म्हणून. मला वाटलं, लाल मातीतली असेल, एखादा हनुमानाचा फोटो असेल, म्हणून लावली. पाहते तर काय, चमकत्या चड्ड्या घातलेले दोन धिप्पाड पुरुष, एकाच्या अंगाला तेल, दुसऱ्याच्या डोळ्यांत काजळ, आणि हा त्याला खुर्ची फेकून मारतो आहे, तीही घडीची! मी म्हटलं, अहो विमलबाई, लागेल ना त्याला. त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "नाय हो बाई. मारामारी खोटी. रुसवे खरे."

मारामारी खोटी, रुसवे खरे! व्याख्या म्हणून मला ती आवडली, नाकारत नाही. आटोपशीर आहे.

मग रोज शिकवणी सुरू झाली, फक्त बाकावर मी आणि फळ्यापाशी विमलबाई. "हा हरला नाय बाई, ह्याला हरवलाय, मालकाशी वाजलंय ह्याचं." "तो पिवळी चड्डीवाला बगा, तो मालकाचा जावई, पट्टा ह्याच्याच कमरेला जानार. नायतर मालक सोताच घालून बसंल, त्याला लय हौस." रिंगणात जो नंतर येतो तो मोठा, ज्याचं येतानाचं गाणं लांबतं तो लाडका, फलकावर ज्याचं तोंड कोपऱ्यात छापलं त्याचे दिवस भरले… मी ऐकत गेले, आणि तुम्हाला सांगते, मला त्यात काही नवीन वाटेना. अहो, हे तर आमचं शिक्षकदालन! पंख्याखाली कोणाची जागा, स्नेहसंमेलनात प्रास्ताविक कोणाचं आणि नुसते आभार कोणाच्या वाट्याला, पाहुण्यांसोबतच्या छायाचित्रात मध्ये कोण… फरक इतकाच की आम्ही खुर्ची फेकत नसू. आम्ही ती सोडत नसू.

पहिली शिफ्ट सुटली की दिनेश आणि भरतही येऊन बसत. हे दोघे माझे विद्यार्थी, एका बाकावरचे, आणि त्यांचं शुद्धलेखन, असो. धाटावला एकाच कंपनीत कामाला, एकाच गाडीवरून जाणं-येणं, भरत पुढे आणि दिनेश मागे. भरत कंपनीत आधी लागला म्हणून तो सीनियर. हा शब्द लक्षात ठेवा, मी उगाच शब्द वापरत नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना हैबतरावांच्या डोक्यात आलं. हैबतराव म्हणजे आमच्या माघी गणपती मंडळाचे अध्यक्ष. पदाने मोठे आणि पोटाने त्याहून मोठे. म्हणाले, यंदा ऑर्केस्ट्रा नको, टीव्हीवर असते तशी कुस्ती ठेवू, भरत आणि दिनेश खेळतील, पंच मी होईन, आणि कथानक बाईंनी लिहायचं. मी आधी नाहीच म्हटलं. तीनदा नाही म्हटल्यावर त्यांनी चौथ्यांदा विचारलंच नाही, तेव्हा मी आपणहून हो म्हटलं. शेवटी उपक्रम सार्वजनिक होता.

आणि लिहिलं, तुम्हाला सांगते, असं लिहिलं! भरत हा कुंडलिकेचा वाघ, सत्शील, धीरोदात्त. दिनेश हा सुकेळी खिंडीतला लांडगा, कपटी, पण अंतर्यामी दुखावलेला. लढतीपूर्वी दोघांनाही प्रत्येकी एक स्वगत. शेवटी वाघ लांडग्याला उचलून आपटतो, लांडगा चितपट, त्याचा पश्चात्ताप, आणि लेखिकेच्या हस्ते वाघाला पट्टा. लेखिकेच्या हस्ते हे मी घातलं नव्हतं, हैबतरावांनी सुचवलं होतं. मी फक्त ते ठळक अक्षरांत लिहिलं.

वाचून दाखवलं, तर दिनेश उठून उभा. "बाई, मी नाय पडनार."

आता त्याचंही चूक नव्हतं. याच दिनेशसाठी विमलबाई मुलगी बघत होत्या, आणि रात्रपाळी म्हटली की मुलीकडचे चहा अर्धा ठेवून उठत होते. अखेर खांब गावच्या एका घराने होकाराच्या दिशेने मान हलवली होती. मुलगी समीक्षा, कोलाडला औषधांच्या दुकानात काम करते, हुशार. ती मंडळी नेमकी कुस्तीच्याच संध्याकाळी येणार होती, गणपतीच्या दर्शनाला म्हणून. दर्शन कोणाचं ते सर्वांना ठाऊक होतं. दिनेश मला म्हणाला की होणाऱ्या सासऱ्यासमोर मी उताणा पडू काय, आणि वर सुकेळीचा लांडगा, उद्या त्याच खिंडीतनं माझी वरात जायची आहे. मुद्दा रास्त होता. मग मी भरतकडे वळले की बाबा रे, मित्राचं लग्न जमतं आहे, तू पड. तर भरत छताकडे पाहत म्हणाला, "मी सीनियर हाय. ज्युनियरनं पाडला म्हनून कंपनीत बोभाटा झाला तर गेटवर काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, बरोबरी करा. हैबतराव म्हणाले, बरोबरी नाही, पट्टा करायला टाकला आहे. झालं! सगळं ठरवता येत होतं, फक्त आडवं कोण पडणार एवढंच ठरेना. एक म्हणे, पडतो, पण दगा झाला म्हणून पडलो असं दिसू दे. दुसरा म्हणे, दगा करणारा मी दिसणार, ते नको. एक म्हणे, पडतो, पण आधी तीनदा पाडतो. दुसरा म्हणे, मग मी चारदा. त्यानंतर आत आधी कोण येणार यावरून जुंपली, कारण नंतर येतो तो मोठा, हे दोघेही माझ्याच घरात बसून शिकले होते. आणि एक दिवस, तुम्हाला सांगते, दिनेश कंपनीच्या बसने धाटावला गेला. भरतच्या गाडीला त्याचं हेल्मेट तसंच लटकलेलं, रिकामं, वळणावर आपटत… मला ते बघवलं नाही. लहानपणी या दोघांनी एक खोडरबर दातांनी तोडून वाटून घेतलं होतं हो.

विमलबाई माझ्या पायरीवर येऊन बसल्या. नेहमीचा आवाज नव्हता. म्हणाल्या, "बाई, मित्र बी जाईल आनि पोरगी बी जाईल." मी त्यांना धीर दिला की अहो, खोटी आहे ना मारामारी. तर म्हणतात कशा, "मारामारी खोटी वो. रुसवे खरे हायत ना पन."

उजाडला तो दिवस. मंडपवाल्याच्या गाद्या, चार कोपऱ्यांना बांबू, भोवती दोरखंड, पुढच्या रांगेत खांबचे पाहुणे, शेजारी विमलबाई, आणि मंचाच्या बाजूला मी, हातात पट्टा घेऊन. पट्ट्याचं सांगायचं राहिलं. तो हैबतरावांनी जोह्याच्या केरूकडून करवून घेतला होता. काम असं देखणं की नजर ठरू नये. जाड कापडावर सोनेरी मुलामा, मधोमध खड्यांचं कमळ, मागे पक्की कडी. आता तुम्ही पेणची माणसं, तुमच्या लक्षात आलंच असेल, माझ्या मात्र हातात घेईपर्यंत आलं नाही. केरू गणपतीचा मूर्तिकार! त्याला पट्टा सांगितला, माप सांगितलं नाही, त्याने जन्मभर ज्याचा कमरपट्टा केला त्याच्याच मापाचा हाही केला. केरू शेजारीच उभा होता, मी हळूच विचारलं, केरू, हा एवढा घेर? तो म्हणाला, "आमच्याकडं पोटाचं माप एकच असतं बाई." बोलायला वेळच नव्हता, गाणं सुरू झालं होतं.

गाणं सुरू झालं भरतचं. भरत आला नाही. मग दिनेशचं लावलं, दिनेशही आला नाही. डावीकडच्या पडद्यामागे वाघ, उजवीकडच्या पडद्यामागे लांडगा, आणि दोघेही आपण नंतर येणार म्हणून थांबलेले! पुन्हा भरतचं गाणं, पुन्हा दिनेशचं, माणसं शिट्ट्या मारायला लागली, आणि हैबतराव ध्वनिक्षेपक हातात घेऊन मंडळाचा इतिहास सांगू लागले, स्थापनेपासून. मी पाहुण्यांकडे पाहिलं. मुलीच्या वडिलांनी घड्याळाकडे नजर टाकली. विमलबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि तेव्हा ती समीक्षा, त्यांच्या शेजारीच बसलेली, हसून विमलबाईंना म्हणाली, मी जवळच होते म्हणून शब्दशः सांगते, "काकी, दोघांतला कोणी पडायला तयार नाय ना? मी लहानपणापासनं बघते हे. जिंकायचं काय, हात वर केला की झालं. पण जो नीट पडतो ना, समोरच्याला मोठा करून, त्याच्यावरच कुस्ती चालते. मला तसलाच आवडतो."

विमलबाई उठल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तुम्हाला सांगते, जिना चढताना मला हात द्यावा लागतो, त्या बाई दोरखंडाखालून वाकून पलीकडे गेल्या आणि उजव्या पडद्यामागून त्यांचा आवाज अख्ख्या मंडपाने ऐकला, "दिन्या, पड. गप आडवा पड. पोरगीला पडनारा पायजे. पडतो तोच मोठा म्हनते ती."

मंडप ऐकतो तर डावा पडदा ऐकणार नाही काय? दिनेश धावत आत आला, पडण्यासाठी आतुर, आणि त्याच्या पाठोपाठ भरत! म्हणजे नंतर येण्याचा मान भरतला विनासायास मिळाला, तेवढ्यावर त्याने गप्प बसावं की नाही? छे. दिनेशच्या कानाशी जाऊन, पण पहिल्या रांगेला ऐकू येईल असं तो म्हणाला, "पडतो तो मोठा ना? मग मी पडनार. सीनियर मी हाय."

पुढे जे झालं त्याला कुस्ती म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा. दिनेशने भरतला नुसतं बोट लावलं, भरत दोन कोलांट्या खाऊन पालथा. भरतने पडल्यापडल्या फुंकर घातली असेल नसेल, दिनेश दोरखंडावर आदळून उताणा. माझी दोन्ही स्वगतं राहिली ती राहिलीच. दोघेही गादीवर निपचित, एकेक डोळा किलकिला करून दुसरा उठतो का ते बघताहेत, आणि मधूनच कुजबुज, ऊठ रे, तू ऊठ, तू आधी ऊठ… हैबतराव अंक मोजून थकले, लोक हसून लोळायला लागले, खांबचे पाहुणे, अहो ते मुलीचे वडील, टोपीने डोळे पुसत होते. आणि शेवटी गादीवर पडल्यापडल्याच भरतने हात लांब करून दिनेशच्या हातावर टाळी दिली. तिथे मात्र माझ्या चष्म्यावर थोडं… धूळ होती मंडपात, असो.

आता पट्टा. मी मंचावर गेले, दोघांना उठवलं. वाघाच्या कमरेला लावला, तो सरसर पायाशी. लांडग्याला लावला, तोही पायाशी. आणि मी वाकून उचलते आहे तोवर हैबतरावांनी, काय सांगू, दोन्ही हात बाजूला पसरले आणि शिंप्यापुढे उभं राहावं तसे माझ्यासमोर उभे राहिले. कुस्ती संपताना उभा असलेला तेवढा एकच होता हे खरं, पण तरीही! मी कडी लावली. टच्च बसली. जणू केरूने त्यांचंच माप घेतलं होतं. समोरून विमलबाईंनी मला हाताने खूण केली, बघा, सांगितलं नव्हतं, मालकाला हौस असते म्हणून.

सोयरीक जमली. दिनेश पुन्हा भरतच्या गाडीवर मागे बसून धाटावला जातो, हेल्मेट डोक्यावर असतं. साखरपुड्याला सगळे होते, हैबतराव पट्टा घालून होते. अजून काढलेला नाही, कडी अडकली आहे म्हणतात. सगळं उत्तम झालं, माझं काहीच म्हणणं नाही. फक्त त्या संध्याकाळी आभार मानताना ध्वनिक्षेपकावरून ते म्हणाले की कथा, संकल्पना आणि दिग्दर्शन हैबतराव, आणि पट्टा धरायला बाई होत्या. धरायला! आता पुढच्या माघीचं लिहून द्या म्हणून रोज निरोप पाठवतात. मी लिहिलेलं आहे, तयार आहे, कपाटात आहे. त्यात पहिल्याच डावात पंच आडवा पडतो आणि अखेरपर्यंत उठत नाही, कथेची ती गरज आहे. निरोपाला उत्तर मात्र मी बरेच दिवस दिलं नाही. म्हणून विचारतात, बाई, रुसलात काय! मी त्यांना एवढंच कळवलं, अहो, ती मारामारी खोटी होती. पुढचं काय ते विमलबाईंना विचारा.