हळदकुंकू लावलेला पाना

तुम्हीच सांगा, देवापुढे मांडायची वस्तू खोटी सही करून आणावी का?

नाही ना? मग ऐका. मोठ्या प्रवासी विमानाच्या शेपटीत एक लहान इंजिन असतं. मोठी इंजिनं बंद असताना विमानाला वीज आणि गार हवा तेच पुरवतं. ऐरोलीच्या एका कारखान्यात ही इंजिनं दुरुस्त होत, आणि नावड्याचा कमळाकर तिथे मेकॅनिक. कामाला चोख! पण खंडेनवमीच्या आदल्या सकाळी त्याचे वडील गोटीराम, शेती गेली तरी कोयता राखून असलेला माणूस, चहा पिता पिता म्हणाले, "पूजंला आमचा कोयता हाय. तुजा हत्यार कंचा रं? का नुस्ता डबा नेतंस नि आनतंस?"

झालं! लागलं मनाला. आता कारखान्याचा नियम असा, की संध्याकाळी प्रत्येक पाना फळ्यावर रंगवलेल्या आपल्या जागी लटकवायचा, मोजायचा, मगच सही; कारण एखादा इंजिनात राहिला तर...? विचारूच नका. कमळाकरने दहा नंबरचा पाना खिशात घातला, वहीत 'हत्यारं पूर्ण' लिहून सही केली आणि घरी नेऊन तो कोयत्याशेजारी मांडला! म्हणे, सणाला कोण मोजतंय?

अहो, पूजा कारखान्यातही असते, आणि हत्यारं मांडायची म्हणजे मोजायचीच! सकाळी फळ्यावर एक जागा रिकामी. फोरमन अरविंदसाहेबांनी विचारलं, "कोणी नेलाय?"

कमळाकर गप्प.

"मग इंजिनातच असणार. उघडा!"

काल जोडून बंद केलेलं इंजिन, विमान तिकडे सांताक्रूझच्या विमानतळावर खोळंबलेलं, ट्रक फाटकात उभा... आणि सहा माणसं पुन्हा एकेक नट काढायला बसली. कमळाकरने बोलावं तर लायसन्स जाईल, न बोलावं तर इंजिनाची हाडं मोकळी होतायत. झाकण निघालं, पाइप निघाले, त्याच्या हाताखालचा कृष्णात आरसा घालून आत बघतोय, "आयला, गिळला काय यानं?" आणि कमळाकर स्वतःही बॅटरी घेऊन शोधतोय हो, घरी ठेवलेली वस्तू! आणि मनात देवीला साकडं, आई, आजचा दिवस निभाव! चोरीत देवीला भागीदार करायचं, याला भक्ती म्हणायचं?

दुपारी प्रसादाला घरची माणसं आली. त्याची बायको सुचित्रा ताट घेऊन थेट इंजिनापाशी, "अवो, घरची पूजा आटपली. म्हटलं, तुमचा पाना इथंपन लागंल!" पान्यावर हळदकुंकू, दांड्याला लाल दोरा.

सहा जणांचे हात थांबले. अरविंदसाहेब ओरडले नाहीत. वही उघडून एवढंच म्हणाले, "ही सही तुझी?"

"हो, साहेब."

तोंड उघडलं, पण केव्हा!

इंजिन पुन्हा जोडायला दोन दिवस गेले. कमळाकरला पंधरा दिवस घरी बसवलं, ते सोडा. पुढे दोन वर्षं हत्याराला हात लावायचा नाही. टेबलाशी बसून, दुसऱ्यांनी लटकवलेले पाने मोजायचे आणि सही करायची. तीही एकट्याची चालत नाही. खाली कृष्णात सही करतो, तेव्हा ती धरली जाते.